करवंटीतला गहू

उन्हाळा लागला, की सोलापूरच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरची तयारी सुरू होते. ईस्टर म्हणजे पुनरुत्थानाचा सण. शुक्रवारी येशू ख्रिस्ताला वधस्तंभावर मारले. दगडी कबरेत ठेवले. तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, तो पुन्हा जिवंत झाला. असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे.

या सणाची तारीख चंद्रावर ठरते. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून 2026 साली हनुमान जयंती 2 एप्रिलला, आणि ईस्टर 5 एप्रिलला.

मोठी माणसे पहाटे उपासनेला जातात, गीते गातात. पण चार वर्षांच्या पोराला यातले काय कळते? नवा सदरा कळतो. गोडधोड कळते. मग सण कळावा कसा?

मुलाला आधी हाताने कळते, मग कानाने. म्हणून त्याच्या हाताला काम द्या. त्याला पैसा लागत नाही.

गहू पेरा

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी नारळाच्या दोन करवंट्या घ्या. त्यांत काळी माती भरा. मुलाच्या हाताने चार-चार गहू पेरा. रोज थोडे पाणी घालायला सांगा. नवरात्रात घट बसवतात, त्यात धान्य कसे उगवते ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे. तसेच हे.

दोन करवंट्या कशाला? अहो, पोर दुसऱ्याच दिवशी माती उकरून पाहणार! पाहू द्या. रागावू नका. एक करवंटी उकरायला, एक उगवायला. उकरलेला दाणा फुगलेला दिसेल. मग त्याला पांढरे मूळ फुटलेले दिसेल. ईस्टरच्या दिवशी दुसऱ्या करवंटीत हिरवे कोंब डोलत असतील. तेव्हा म्हणा, “बघ बाळ, आपण गहू मातीत पुरला होता. आता काय झालं?” उत्तर त्यालाच देऊ द्या.

अंडी रंगवा

ईस्टरला अंडी का? जुन्या काळी युरोपात ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे असत. त्यांत अंडी खात नसत. कोंबड्या तर अंडी घालतच. ती साठलेली अंडी ईस्टरला खात. शिवाय कवच फोडून पिल्लू बाहेर येते. तीच लोकांनी नव्या जिवाची खूण मानली.

सोलापूर ही कांद्याची मोठी बाजारपेठ. कांद्याची टरफले कुठेही मिळतील. ती मूठ-दोन मूठ पाण्यात घाला. त्यातच अंडी उकडा. तांबूस तपकिरी रंग चढतो. हळदीच्या पाण्यात पिवळा चढतो. उकळते पाणी आईने सांभाळावे. गार झालेली अंडी मुलांनी पुसावी. आपल्याकडे ऊन कडक असते, म्हणून उकडलेली अंडी तासाभरात खाऊन टाका.

घरात अंडी चालत नसतील तर मातीची करा. मुले ती वळतील. सावलीत वाळवा आणि गेरूने रंगवा.

लपवा आणि शोधा

मातीची पाच अंडी अंगणात लपवा. पोर जवळ आले तर “ऊन, ऊन!” म्हणा. लांब गेले तर “थंड, थंड!” म्हणा. तीन सापडली? मग किती राहिली? पोर खेळता खेळता वजाबाकी शिकले. आळीतली सगळी पोरे बोलवा. खेळाला जातधर्म नसतो. एक गोष्ट मात्र सांभाळा. तान्ह्या, रांगत्या मुलाच्या हाती दाणे-खडे देऊ नका. ते नाकात, घशात जातात.

हे शिकवणे आजचे नाही. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या गुरुजींनी 1837 साली लहान मुलांची अशी शाळा काढली. पुढे तिला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. आपल्या सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनच्या हार्डिंगबाईंनी बालवाडी चालवली. 1945 साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यांनी महाग खेळणी मागवली नाहीत. शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची खेळणी.

अवघड प्रश्न

आता खरी गोष्ट. ईस्टर म्हणजे मरणाची आणि जगण्याची गोष्ट. ती ऐकून मूल विचारणारच. ज्या घरात वर्षभरात कोणी वारले असेल, तिथे तर हमखास. “आई, आज्जी कधी येणार?”

तेव्हा “गप बस” म्हणू नका. “आज्जी झोपली आहे” असेही सांगू नका. मग पोर झोपायलाच घाबरते. “गावाला गेली” म्हणाल, तर ते रोज वाट पाहते. खरे सांगा. थोडक्यात सांगा. “आज्जी वारली, बाळा. ती आता घरी यायची नाही. आपल्याला तिची आठवण येते.” ख्रिस्ती आई पुढे म्हणेल, “देवाजवळ ती पुन्हा भेटेल, असा आपला विश्वास आहे.” दुसऱ्या घरची आई आपल्या श्रद्धेप्रमाणे सांगेल.

गव्हाची गोष्ट सांगतानाही जपा. लहान मूल शब्द धरून बसते. “आज्जी पण उगवेल का?” असे ते विचारील. हसू नका. “नाही, बाळा. माणूस गव्हासारखं उगवत नाही. पण आज्जीनं शिकवलेलं गाणं तुला येतं ना? ते तुझ्यापाशी राहिलं,” असे सांगा. मग ते गाणे त्याच्याबरोबर म्हणा.

शुक्रवारची गोष्ट सांगताना खिळ्यांचे, रक्ताचे वर्णन लहानांपुढे नको. “लोकांनी येशूला मारलं, त्याची माणसं फार रडली,” एवढे पुरे. रविवारच्या पहाटेची गोष्ट मात्र सावकाश सांगा. बाया कबरेकडे गेल्या, तो काय! तोंडावरचा धोंडा बाजूला झालेला!

आता तुम्हाला वाचता येते. ही गोष्ट दुसऱ्याकडून ऐकवायची गरज नाही. करवंटी मधे ठेवा, पोराला मांडीवर घ्या आणि तुम्हीच वाचून दाखवा.