वाजवता वाजवता हात आखडला तर…

मंडळी, २०२३ च्या आपल्या गणेशोत्सवातला वाद्यवृंद ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल की मध्यंतरानंतर कोळीगीतांच्या मेडलीत बास गिटार एकाएकी गप्प झाली. "ध्वनियंत्रणेत जरा बिघाड आहे" असे म्हणून निवेदकांनी वेळ सावरून नेली. खरे सांगायचे तर बिघाड ध्वनियंत्रणेत नव्हता, माझ्या डाव्या हातात होता. अंगठ्याच्या मुळाशी असा काही पेटका आला की अंगठा तळव्याकडे ओढला गेला आणि काही केल्या सुटेना. उरलेली दोन गाणी मी मोकळ्या तारांवर कशीबशी रेटली आणि गिटार खाली ठेवली.

त्या रात्री झोप लागली नाही. कार्यक्रम काय, पुढच्या वर्षी पुन्हा होईल. पण सोमवारी याच हातांनी कीबोर्ड बडवायचा होता. घराचे हप्ते, मुलीच्या डे-केअरची फी आणि नोकरीला बांधलेला व्हिसा, हे सगळे या दहा बोटांवर उभे आहे, हे इतक्या वर्षांत प्रथमच जाणवले. म्हणून दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी पाठवले म्हणून हातांच्या थेरपिस्टबाईंकडेही गेलो. तिथे जे शिकलो ते आपल्यापैकी वाजवणाऱ्यांच्या, आणि न वाजवणाऱ्यांच्याही, उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

पेटका म्हणजे नेमके काय?

स्नायू आपल्या इच्छेशिवाय आवळला जातो आणि सुटत नाही, तो पेटका. "मीठ-पाणी कमी पडले असेल" हे आपले घरगुती निदान. भर उन्हात घाम गाळणाऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही. पण एअरकंडिशन्ड ऑडिटोरियममध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या एकाच अंगठ्याला ते कारण पुरत नाही. आज अनेक तज्ज्ञ थकव्याकडे बोट दाखवतात. स्नायूत "आवळ" असा संदेश देणारी एक यंत्रणा असते आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, म्हणजे कंडरेत, "सोड" असे सांगणारी दुसरी. स्नायू दमला की पहिलीचा आवाज वाढतो आणि दुसरीचा बसतो. म्हणूनच पेटका आलेला स्नायू हळूच ताणला की तो सुटतो: कंडरेवर ताण येतो आणि "सोड" हा संदेश पुन्हा पोचतो.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१० मध्ये काकडीच्या लोणच्याचे पाणी पाजून पाहिले. साध्या पाण्यापेक्षा त्याने पेटका लवकर सुटला, पण इतका लवकर की ते मीठ रक्तात उतरायला वेळच मिळाला नव्हता. घशातल्या आंबट चवीनेच मज्जासंस्थेला काहीतरी कळवले असावे, असा त्यांचा तर्क. (आपले कैरीचे लोणचे या प्रयोगात नव्हते, हे आपले दुर्दैव!)

बास गिटारवरच का?

थोडा हिशेब करू. साध्या इलेक्ट्रिक गिटारची तार सुमारे साडेपंचवीस इंच लांब असते, तर नेहमीच्या बासची ३४ इंच. त्यामुळे बासच्या पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर पाच इंचांहून थोडे जास्त भरते. तर्जनी एका टोकाला आणि करंगळी दुसऱ्या टोकाला ठेवून तीन तास काढणे म्हणजे हाताला सतत ताणून धरणे. त्यात तारा जाड.

पण थेरपिस्टबाईंनी मला वाजवायला लावले आणि पहिल्याच मिनिटात म्हणाल्या, "तुमचा हात कमजोर नाही. तुम्ही गरजेपेक्षा फार जोरात दाबता." सगळ्या लेखाचे सार या एका वाक्यात आहे. दुखणे ताकद कमी पडण्याचे नसून ताकद वाया जाण्याचे होते.

रंगमंचावर हे आणखी बिघडते. घबराटीने पकड घट्ट होते. सभागृह गार, त्यामुळे बोटेही गार. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज नीट आला नाही की आपण नकळत जोरात वाजवू लागतो. दिसायला झोकदार म्हणून पट्टा लांब सोडलेला, त्यामुळे डावे मनगट काटकोनात वाकलेले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: त्या दिवशी सकाळी सातपासून मी स्वयंसेवक म्हणून टेबले, खुर्च्या आणि स्पीकर उचलत होतो. त्याआधीचा आठवडा ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचा, म्हणजे रोज बारा-बारा तास कीबोर्ड. हाताला कार्यालय आणि कला असा भेद कळत नाही. त्याच्याकडे एकच खाते आहे आणि सगळा खर्च त्यातूनच जातो.

मी काय बदलले

पहिले, दाबाची परीक्षा. तारेवर बोट नुसते टेकवून दुसऱ्या हाताने तार छेडायची आणि दाब अगदी हळूहळू वाढवायचा. स्वर स्वच्छ आला की थांबायचे. तेवढाच दाब लागतो. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवले तर तो आणखी कमी लागतो. मी त्याच्या कितीतरी पट जोर लावत होतो.

दुसरे, अंगठा. रोज पाच मिनिटे अंगठा दांडीला न लावता वाजवायचे. उजव्या कोपराने गिटारचे अंग हलकेच पोटाशी धरले की जमते. मग कळते की अंगठा फक्त टेकण्यासाठी आहे, चिमटा काढण्यासाठी नाही.

तिसरे, पट्टा. बसून वाजवताना गिटार ज्या उंचीवर असते, त्याच उंचीवर उभे राहिल्यावरही आली पाहिजे. मनगट जवळजवळ सरळ राहते. आठ-दहा पौंडांचे वाद्य असते, म्हणून पट्टा रुंद घ्यावा.

चौथे, बोटांची वाटणी. खालच्या फ्रेटांवर चार फ्रेटांना चार बोटे हा हट्ट सोडला. उभ्या डबल बासचे वादक फार पूर्वीपासून तर्जनी, मधले बोट आणि करंगळी वापरून तीनच फ्रेट धरतात व लागेल तसा हात सरकवतात. अनामिका करंगळीला मदत करते. शिवाय एकच स्वर दोन जागी सापडतो. 'ए' तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर 'ई' तारेच्या आठव्यावरही आहे, आणि तिथे पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे अंतर चारच इंच आहे.

पाचवे, वाद्याची देखभाल. माझ्या तारा फार उंच होत्या. दुकानातल्या कारागिराकडून त्या खाली करून घेतल्या आणि जरा बारीक तारांचा संच चढवला. हात फारच लहान असेल तर तीस इंची बासही मिळते. पॉल मॅकार्टनीची प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराची बास त्याच मापाची आहे.

सहावे, सराव. आठवडाभर काही नाही आणि शनिवारी चार तास, ही आपल्या तालमींची रीत हाताला मानवत नाही. आता मी रोज वीस-पंचवीस मिनिटे वाजवतो, तेही उभ्याने. कार्यक्रमाआधी हात कोमट पाण्यात धरून दहा मिनिटे संथ वाजवतो. शिवाय संयोजकांना सांगून गाण्यांचा क्रम असा लावून घेतला की दोन द्रुत गाण्यांनंतर एक संथ यावे.

ऐन कार्यक्रमात पेटका आलाच तर

दात-ओठ खाऊन पुढे वाजवू नका. मोकळ्या तारांवर किंवा फक्त समेवर एकेक स्वर देत कडवे संपवा. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. गाणे संपताच कोपर सरळ, तळवा वर करून दुसऱ्या हाताने बोटे हलकेच मागे न्या आणि वीस-तीस सेकंद धरा. अंगठ्यात पेटका असेल तर तो तळव्यापासून दूर न्या. झटका द्यायचा नाही. मग हात खाली सोडून सैल हलवा. आणि अॅम्पचा आवाज वाढवा, बोटांचा नव्हे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळीच्या बाजूला बधिरपणा असेल तर कोपराकडे पाहावे लागते. मधुमेह, थायरॉइड आणि काही औषधे यांच्यामुळेही पेटके येतात. तेव्हा घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी.

आणि दुखत नसतानाही फक्त वाजवतानाच बोट आपोआप मुडपत असेल तर उशीर करू नका. फोकल डिस्टोनिया नावाचा हा विकार स्नायूचा नसून मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेचा असतो आणि जास्त सरावाने तो हटत नाही. प्रख्यात अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकाच्या मध्यात असाच निकामी झाला. तीन दशके ते डाव्या हातासाठी लिहिलेले संगीत वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंद संचालित करत राहिले. पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी मदत झाली आणि २००४ मध्ये 'टू हँड्स' ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली.

थोडे पैशांविषयी. थेरपी सुरू करण्याआधी विमा कंपनीला तीन गोष्टी विचारा: डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, वर्षाला किती भेटी मिळतात आणि दर भेटीला आपल्या खिशातून किती जातात. ऑफिसातून मिळणाऱ्या अल्पकालीन डिसॅबिलिटी विम्याचे कागदही एकदा वाचून ठेवा. मी ते हात दुखल्यावर वाचले. वाद्याच्या दुरुस्तीला मला जो खर्च आला, तो डॉक्टरांच्या एका भेटीपेक्षा कमी होता.

२०२४ च्या गणेशोत्सवात मी पूर्ण कार्यक्रम वाजवला. सकाळी खुर्च्या उचलल्या नाहीत म्हणून दोन-चार टोमणे ऐकले, तेवढेच. तबला, पेटी, कीबोर्ड, कोणाचाही हात आखडत असेल तर वेळीच सांगा. बिचाऱ्या ध्वनियंत्रणेवर दर वर्षी किती ढकलायचे?