गाडी, गाणे आणि झोप



आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की पांढुर्णा व सौंसर या आपल्या परिसरातील रस्ते रात्रीही निजत नाहीत. दिवसभर बागांतून तोडणी चालते, दिवेलागणीला गाड्या भरतात, आणि सकाळच्या लिलावास माल नागपूरच्या कळमना बाजारात पोचावा म्हणून त्या रात्रीच निघतात. बिछान्यात पडल्या पडल्या आपल्याला दूरच्या इंजिनाची घरघर ऐकू येते, आणि तिच्यात मिसळलेली एखाद्या जुन्या गाण्याची लकेरही. आज मला त्या गाण्यांविषयी, आणि ती ऐकत गाडी हाकणाऱ्या माणसांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका सायंकाळी सौंसरजवळच्या एका खेड्यात एका कुटुंबाकडे मी बसलो होतो. अंगणात शेकोटी पेटली होती. थोरल्या मुलाची गाडी भरून दाराशी उभी होती आणि रात्री एकच्या सुमारास तो नागपूरला निघणार होता. तोवर वेळ जावा म्हणून त्याने मोबाइलवर गाणी लावली, आणि बोलता बोलता विषय निघाला : गाडीवरचे तुमचे सर्वांत आवडते गाणे कोणते?

मुलाचे वडील तात्काळ म्हणाले, “चलती का नाम गाडी!” हा चित्रपट १९५८ सालचा. त्यातील अशोककुमार, अनुपकुमार व किशोरकुमार हे तिघे सख्खे भाऊ चित्रपटातही भाऊच झाले आहेत आणि मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवीत आहेत. आपल्या जुनाट मोटारीत बसून, वाटेवरच्या लोकांना हाकारीत ते जे गाणे गातात, ते ऐकून आजही लहानथोर हसतात. संगीत सचिन देव बर्मन यांचे आणि शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे. आपणांस या गाण्याचा विशेष जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. किशोरकुमार हे आपल्याच मध्य प्रदेशातील खंडव्याचे. ४ ऑगस्ट १९२९ रोजी तेथे त्यांचा जन्म झाला, आणि १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाल्यावर अंत्यसंस्कारही खंडव्यासच झाले. आयुष्यभर प्रवासाची गाणी गाणारा हा गायक शेवटी आपल्या गावी परतला.

घरातील सूनबाईंनी आगगाडीचा पक्ष घेतला. ग. दि. माडगूळकरांचे मामाच्या गावी नेणाऱ्या आगीनगाडीचे गीत मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? त्या म्हणाल्या, “ते गाणं ऐकलं की मले आपली छोटी गाडीच दिसते, फादर.” छोटी गाडी म्हणजे नागपूर व छिंदवाडा यांमधून सौंसरवरून जाणारी, अडीच फुटी रुळांवरची गाडी. चढावर ती इतकी संथ होई की पोरेटोरे तिच्याबरोबर धावत. २०१५ साली ती बंद झाली. आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत, प्रवास वेगाचा झाला आहे. परंतु माहेरी जाताना खिडकीतून हाताला लागणाऱ्या फांद्या त्या बाईंच्या आठवणीतच उरल्या आहेत.

छोट्या गाडीचे नाव निघताच मुलाने ‘आराधना’ चित्रपटातील गाणे लावले. १९६९ सालच्या या चित्रपटात दार्जिलिंगची लहानगी आगगाडी आणि तिच्या बाजूने धावणारी उघडी जीप हे दृश्य आहे. गाडीच्या खिडकीत नायिका, जीपमध्ये नायक, आणि आवाज पुन्हा किशोरकुमारांचाच. नायिकेला त्या वेळी दार्जिलिंगला जाणे न जमल्यामुळे तिचा भाग स्टुडिओत चित्रित झाला, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

गाण्याचे पहिले कडवे संपले नसेल, तोच ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेले आबाजी म्हणाले, “ते बंद कर, बाबू.”

आबाजी आता सत्तरीच्या घरात आहेत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी ट्रकवर काढली. आवाज कठोर नव्हता. म्हणूनच कोणी कारण विचारले नाही. मुलाने गाणे थांबविले. काही वेळ शेकोटीतील काटक्याच काय त्या तडतडत होत्या. मग आबाजी आपणहून बोलू लागले.

“माह्या बापाची बंडी होती. रात्री बाजारातून परतताना तो गाणं म्हणे. म्हणता म्हणता झोपून जाये. पण बैल झोपत नव्हते. त्याईले घर माहीत होतं. पहाटे बंडी अंगणात उभी राहे, अन् माय येऊन बापाले उठवे. मले वाटलं, ट्रकही तसाच.”

ऐंशीच्या दशकातील ती गोष्ट. संत्र्याचा हंगाम होता. दोन रात्री सलग गाडी चालवून झाल्या होत्या. तिसऱ्या रात्री पुन्हा माल भरला गेला. फळ नासेल, भाव पडेल, म्हणून थांबण्याची सोय नव्हती. झोप येऊ नये म्हणून त्यांनी टेप मोठ्याने लावला होता, आणि त्यावर हेच जीपचे गाणे चालू होते. आबाजी त्यासोबत गातही होते. एका कडव्यापर्यंतचे सारे त्यांना आठवते. पुढचे आठवते ते असे : ट्रक रस्ता सोडून शेतात गेलेला, दिव्यांचा उजेड पऱ्हाटीवर पडलेला, संत्री सर्वत्र विखुरलेली, क्लीनर पोरगा ओरडत असलेला, आणि टेप तसाच वाजत असलेला.

“गाणं थांबलं नव्हतं, फादर. मी थांबलो होतो. गाणं माणसाले जागं ठेवत नाही. आपण जागे आहो, असं फक्त वाटते. त्या पोराचा पाय मोडला. अजूनही तो लंगडत चालते. भेटला की तोच मले आधी नमस्कार करते.”

वाचकहो, आबाजींनी स्वानुभवाने जे सांगितले तेच निद्रेचा अभ्यास करणारे तज्ज्ञही सांगतात. संगीताने कंटाळा जातो, थकवा जात नाही. मध्यरात्र उलटल्यावर, विशेषतः दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान, शरीर आपणहून झोप मागते. आणि अशा वेळी उघड्या डोळ्यांनीही माणसाला दोन-तीन क्षणांची डुलकी लागते, जी त्याची त्याला कळत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर अंतर तोडते. या पन्नास मीटरांत वळण येते, बंडी येते, सायकलवरचा मजूर येतो.

आपल्या देशात २०२५ सालापर्यंत मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता. ज्या वाहतूक व्यवसायात पाच किंवा अधिक कामगार असत, तेथे चालकाने सामान्यतः दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करू नये, व सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती घ्यावी, असे तो सांगत असे. तथापि आपल्या गावांतून निघणाऱ्या पुष्कळशा गाड्या एकट्या मालकाच्या असतात आणि मालक हाच चालक असतो. त्याचे तास मोजणारा कोणी अधिकारी रस्त्यावर उभा नसतो. मोजू शकतात ती घरचीच माणसे.

आपल्या अनेक बांधवांच्या गाडीत संत ख्रिस्तोफरचे पदक लटकत असते. नवी गाडी घेतली की आशीर्वादासाठी ती मंदिराच्या दारी आणतात, आणि मीही तो आनंदाने देतो. वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदीपार करणाऱ्या या संताची कथा आपण मुलांना सांगतो. परंतु त्या कथेतला एक बारकावा आपण विसरतो. बाळ येशूची हाक आली त्या रात्री ख्रिस्तोफर आपल्या झोपडीत निजला होता. हाक ऐकून तो उठला आणि मग पाण्यात उतरला. दुसऱ्याचा भार वाहणाऱ्याने विश्रांती घेणे यात काही उणेपणा नाही.

आबाजींचे बोलणे संपल्यावर मुलगा काही बोलला नाही. तो दोन दिवस बागेतच राबत होता, हे सर्वांना ठाऊक होते. वडील म्हणाले, “उशिरा पोचला तर भाव थोडा कमी भेटन.” त्यावर मुलाची आई उठली. “भेटू द्या कमी,” एवढेच ती म्हणाली, आणि तिने ओसरीवर आबाजींच्या शेजारी त्याचे अंथरूण घातले. जाग यावी म्हणून मोबाइलवर चारची घंटा लावली गेली. आबाजी म्हणाले, “घंटा कायले? मी आहो न जागा.”

मी निघालो तेव्हा मुलगा गाढ झोपला होता. दुसऱ्या दिवशी कळले की तो साडेचारला निघाला, उजाडल्यावर कळमन्यास पोचला आणि दुपारी सुखरूप घरी परतला. भाव थोडा कमीच मिळाला. त्या सायंकाळी, त्याच्या आईने सांगितले, आबाजींनी होऊन त्याला ते जीपचे गाणे लावावयास सांगितले आणि डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकले.