गाळ काढून झाला, पुढे काय?

बेशरमची फुलं दिसायला देखणी असतात. फिकट जांभळी, नरसाळ्याच्या आकाराची, जवळजवळ बारमाही. हे झुडूप मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. आपल्याकडे ते शोभेला आणि कुंपणाला आलं आणि ओलावा दिसेल तिथे पसरलं. त्याची फांदी तोडून फेकली तर त्या तुकड्याला मुळं फुटतात. पुरात वाहत गेलेला तुकडा खालच्या तलावात अडकला की दोन-चार वर्षांत तिथे त्याचं बेट उभं राहतं. पानांत स्वेनसोनीन नावाचं विषारी द्रव्य असल्यामुळे गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. चाऱ्याच्या टंचाईत शेळ्यांनी ते खाल्लंच, तर पुढे त्यांचा तोल जातो, पाय लटपटतात. भंडारा-गोंदियाकडे ज्या तलावाच्या काठाला बेशरमने वेढा घातलाय, तो तलाव आजारी आहे असं खुशाल समजावं. पण तो बरा झाला, हे कशावरून समजायचं?

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत आणि बोलण्यात ते ‘मामा तलाव’ झालेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ते दाटीने आढळतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानासाठी ते बांधायला घेतले. जमिनीचा उतार ओळखायचा, त्याला आडवी मातीची पाळ घालायची, शेताला पाणी सोडायला तुडूम ठेवायचं आणि जास्तीच्या पाण्याला सांडव्यातून वाट द्यायची. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेलं पाणी ओढ्याने नाहीतर धानाच्या बांध्यांतून खालच्या तलावात उतरतं. त्याच्याही खाली एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, असतं. म्हणजे तलाव सुटा नसतो. ओढा, बांध्या, तलाव, पुन्हा ओढा अशी ती एक सलग पाणथळ असते. मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाला ओळखीचा झालेला नवेगावबांध याच पठडीतला, फक्त आकाराने थोरला.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या जमीनमालकांची पद्धत, संपली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले आणि दर उन्हाळ्याला पाळ-तुडूम बघणारी जुनी व्यवस्था मोडली. ती व्यवस्था न्याय्य होती असं मुळीच नाही, पण तलावाकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी होतं. पुढे तलावाच्या वाटण्या झाल्या. सिंचन खात्याने त्यातलं पाणी मोजलं, मत्स्यव्यवसायाने मासळीचे किलो मोजले. तळाशी काय उगवतंय, हे बघणं कुणाचंच काम राहिलं नाही. खरी गोष्ट तिथेच घडत होती.

उथळ तलावांबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेली कल्पना त्यात मध्यवर्ती आहे. तिचं सार असं की उथळ तलाव दोन अवस्थांत टिकू शकतो. एका अवस्थेत पाणी नितळ असतं आणि तळ पाणवनस्पतींनी भरलेला असतो. दुसरीत पाणी गढूळ किंवा शेवाळाने हिरवं असतं आणि तळ उघडा पडलेला असतो. दोन्ही अवस्था स्वतःला सांभाळतात. वनस्पती असल्या की मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी होतो, खतांमधून आलेलं नत्र-स्फुरद त्या स्वतः वापरतात. शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी दिवसा त्यांच्या पानांत माशांपासून लपतात आणि रात्री चरायला बाहेर पडतात. म्हणून पाणी नितळ राहतं, उजेड तळाशी पोहोचतो आणि वनस्पती वाढतात. याउलट एकदा वनस्पती गेल्या की वारा गाळ ढवळतो, उजेड अडतो आणि नव्या रोपाला जीव धरता येत नाही. खत कमी केलं, तरी गढुळलेला तलाव आपसूक मागे फिरत नाही. त्याला कुणीतरी ढकलावं लागतं.

आपल्या तलावांना उलट्या दिशेने ढकलणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. बेशरम आहेच. वरच्या शेतांतून येणारं खत आहे. आणि मासे आहेत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांना पीयूषिकेचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करण्यात यश आलं आणि मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. देशाच्या मासळी उत्पादनात त्याचा वाटा फार मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावतलावात दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडायची पद्धत पडली, आणि त्यांच्या जोडीला परदेशी मासेही आले. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, खाद्य शोधताना तळाचा चिखल उकरतो. गवत्या मासा तर पाणवनस्पतींवरच जगतो. तळ उघडा करायला आणखी काय हवं?

या उघड्या तळाचा फटका बसतो तो स्थानिक माशांना. मरळ, मागूर, मोलासारखी बोटभर मासोळी यांना बोटुकलीचा खर्च नाही. त्या तलावात नाहीतर पहिल्या पावसात ओढ्याने वर चढून बांध्यांमध्ये अंडी घालतात. पिल्लांना आसरा पाणवनस्पतींचाच. मोला काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियम मिळतं, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत रोहू-कतलासारखे मोठे कार्प तिच्या पासंगालाही पुरत नाहीत. मोठा मासा बाजारात जातो. छोटी मासळी घरच्या कालवणात पडते.

तलाव दुरुस्त करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवण होते ती जेसीबीची. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने या कामाला जोर आला. गाळ शेतात गेला की जमीन सुधारते, तलावात पाणी जास्त मावतं, हे दोन्ही फायदे खरे आहेत. तुडुमाखालच्या शेतकऱ्याला दिवाळीच्या सुमाराला जे एक पाणी जास्त मिळतं, त्याला शहरात बसून हिणवू नये. अडचण गाळ काढण्यात नाही, तो सरसकट काढण्यात आहे. यंत्र काठापासून काठापर्यंत एकसारखं खोदत जातं. निसर्गतः तलावाचा तळ बशीसारखा असतो: पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला उथळ होत होत जमिनीला मिळणारा. हा उथळ पट्टाच तलावाचा कारखाना. तिथे घोटाभर पाण्यात एक वनस्पती, गुडघाभर पाण्यात दुसरी, कमरेच्या पाण्यात तिसरी. कमळपक्ष्याला तरंगती पानं लागतात, तलवार बदकाला मान बुडवून तळ गाठता येईल इतकंच पाणी लागतं. उभ्या कडांचा चौकोनी खड्डा केला, तर साठा वाढतो आणि हे सगळं एका उन्हाळ्यात नाहीसं होतं. शिवाय जास्त खोल गेलं तर तळाचा चिकणमातीचा थर फुटतो आणि तलाव झिरपू लागतो. ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप, तेच पाणी मग थांबत नाही.

भंडारा-गोंदियात मनीष राजनकर, त्यांची ‘फीड’ ही संस्था आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी जी वाट धरली, ती म्हणून लक्ष देण्याजोगी आहे. ढिवर पिढ्यान्‌पिढ्या या तलावांवर जगत आले आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, ती कोणत्या तलावात अजून शिल्लक आहे, हे त्यांना ठाऊक होतं; त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं. कामाचा क्रम साधा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट खणून काढायची, कारण नुसती कापली तर दुप्पट येते. मग कडक झालेला तळ नांगरायचा. पाऊस पडून पाणी भरू लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावायच्या. काही पाण्याखाली राहणाऱ्या, काही तरंगत्या, काही अर्ध्या बुडालेल्या. चिखलात वाकून करायचं काम, धानाच्या रोवणीचंच भावंड. या कामात बायका पुढे आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या शालू कोल्हे यांनी ढिवर स्त्रियांना त्यासाठी संघटित केलं. मासेमारी करणाऱ्या समाजातही तलावाच्या निर्णयांत बायकांना जागा नव्हती, ती अशी मिळाली.

युरोपातल्या उथळ तलावांत शेफरच्या पंथाचे शास्त्रज्ञ हेच करतात. पंप लावून तलावाचं पाणी उतरवतात, तळ ढवळणारे मासे काढून टाकतात, वनस्पतींना एक मोसम सवड देतात. त्याला बराच पैसा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांचं ऊन ते काम फुकट करतं. तळ सुकतो, भेगाळतो, गाळ घट्ट होतो. पहिल्या पाण्याला तलाव जवळपास नव्याने सुरुवात करतो. तेवढ्या दोन-तीन महिन्यांच्या फटीत योग्य वनस्पती रुजवणं, हाच या पद्धतीचा कणा आहे.

आता मोजमापाकडे येऊ, कारण माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. तलाव पुनरुज्जीवनाचे अहवाल किती घनमीटर गाळ निघाला ते सांगतात आणि सोबत दोन फोटो लावतात. पहिला मे महिन्यातला, भेगाळलेल्या तळाचा. दुसरा ऑक्टोबरमधला, काठोकाठ भरलेल्या पाण्याचा. असे फोटो ज्या तलावाला कुणी हातही लावलेला नाही, त्याचेही काढता येतात.

खरं मोजायचं तर पहिलं साधन अगदी स्वस्त आहे. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. गोड्या पाण्यासाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची तबकडी वापरतात. डोंग्यात बसून ती दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. साधारण त्या खोलीच्या दुप्पट-तिपटीपर्यंत उजेड पोहोचतो, असा ठोकताळा आहे. तबकडी वीतभर खोलीवरच दिसेनाशी होत असेल, तर कमरेएवढ्या पाण्यात लावलेली रोपं जगणार नाहीत, हे लावण्याआधीच कळतं.

दुसरी नोंद पहाटेची. दिवसभर वनस्पती आणि शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतात. रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. दुपारी बारा वाजता मोजून ‘पाणी उत्तम’ असा शेरा मारणाऱ्याला, त्याच तलावात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते, याचा पत्ता लागत नाही. हिरव्यागार शेवाळी तलावात दुपारचा आकडा तर सगळ्यांत फसवा असतो.

तिसरी नोंद घ्यायला मला स्वतःला सगळ्यात मजा वाटते. बारीक जाळीची पिशवी दांड्याला लावून पाणवनस्पतींमधून ओढायची आणि जे निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घालून पसरायचं. सुरुवातीला नुसता कचरा दिसतो. मिनिटभर थांबलं की कचरा हलू लागतो. चतुराचं पिल्लू बुटकं, चिखलाच्या रंगाचं. त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो, तो क्षणात बाहेर फेकून ते भक्ष्य पकडतं. टाचणीचं पिल्लू सडपातळ, शेपटीला तीन पानांसारखे कल्ले. मेफ्लायच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना, आणि ते सारखे फडफडत असतात. तळाच्या चिखलात लाल धाग्यासारख्या अळ्या सापडतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन फार कमी असला तरी त्या तग धरतात. ट्रेमध्ये बाकी कुणी नाही आणि फक्त लाल अळ्या आहेत, असं झालं तर पुढचं सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र या प्राण्यांवर आधारलेले गुणांक बहुतेक वाहत्या पाण्यासाठी, तेही परदेशी नद्यांवर बसवलेले आहेत. साचलेल्या पाण्यातल्या काही मेफ्लाय कमी ऑक्सिजनलाही दाद देत नाहीत. तेव्हा तक्ता उचलून तसाच वापरू नये. आपल्याच भागातल्या चांगल्या तलावाशी तुलना करावी.

तुलना हाच कळीचा मुद्दा आहे. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला तर सगळ्याच तलावांत मासळी वाढते, पक्षी येतात. त्याचं श्रेय आपल्या कामाला देण्याआधी शेजारचा, काहीही न केलेला तलाव बघावा लागतो. काम सुरू होण्याआधीची नोंद आणि नंतरची नोंद, आपल्या तलावाची आणि शेजारच्याची, अशा चार आकड्यांतून उत्तर निघतं. आणि ते एका वर्षात निघत नाही. वरून बघायला उपग्रह आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ची चित्रं साधारण पाच दिवसांनी, दहा मीटरच्या बारकाईने, मोफत मिळतात. तलाव कधी भरला, कधी आटला हे त्यांत छान दिसतं. पण पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि हिरवा डाग कमळाचा की बेशरमचा, हे शेवटी चिखलात उतरूनच ठरवावं लागतं.

एक गंमत अशी की कायद्याच्या लेखी हे तलाव पाणथळ नाहीतच. २०१७ च्या पाणथळ नियमांनी धानाची शेतं, नद्यांची पात्रं आणि मुद्दाम सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. तरीही महाराष्ट्रातले सारस पक्षी मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेत, आणि ते नेमके याच तलावांत आणि धानाच्या बांध्यांत घरटी करतात. त्यांची गणना दरवर्षी स्थानिक कार्यकर्ते आणि शेतकऱ्यांच्या मदतीने होते. एका पक्ष्यासाठी हे जमतं, तर तलावासाठी न जमण्याचं कारण दिसत नाही.

ज्या गावात पुढच्या उन्हाळ्यात यंत्र लागणार आहे, तिथे या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नोंदी सुरू झाल्या पाहिजेत. नंतर ‘आधीची’ नोंद घेता येत नाही. तबकडी पत्र्याची घरीच करता येते. जाळी, ट्रे आणि वही मिळून फार खर्च नाही, आणि जाळ्यात छोटी मासळी कोणती व किती आली हे मच्छीमार सोसायटीला रोहू-कतलाच्या आकड्यांशेजारी लिहिता येईल. ऑक्सिजनमापक तेवढा महाग पडतो. तो चार-सहा गावांत मिळून एक घेतला तरी पुरतो, फक्त पहाटे उठून पाण्यात उतरायला कुणीतरी तयार हवं.