मालवणच्या पाण्यातला गोंगाट

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात जिप्सीने हॉर्न वाजवायचा नाही, हा नियम आपण निमूट पाळतो. मालवणचा समुद्रही 1987 पासून अभयारण्य आहे. तिथे प्रवाळांवरून घरघरत जाणाऱ्या इंजिनांचं मात्र कुणाला काही वाटत नाही. पाण्याखाली शांतता असते, हा आपला गैरसमज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि मासे त्यावर विसंबून जगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड बेटाजवळ माशांचे सामूहिक आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत.

मासे गोंगाटाला सरावतात, असं म्हणतात. ग्रेट बॅरियर रीफवरचे प्रयोग वेगळंच सांगतात. मोटरबोटीच्या आवाजात लहान डॅमसेल मासे शिकाऱ्याच्या तोंडी दुपटीहून अधिक सापडले, कारण ते वेळेवर पळतच नव्हते. 2022 च्या अभ्यासात बोटींनी अंतर राखून वेग कमी केला, तिथे विणीच्या हंगामाअखेर एका डॅमसेल जातीच्या 65 टक्के घरट्यांत पिल्लं होती. वर्दळीच्या जागी 40 टक्के. या जातीचे आईबाप अंड्यांवर परांनी ताजं पाणी घालत राहतात. आवाजाने त्यातच खंड पडतो. मालवणचे मासे वेगळे, तापणाऱ्या समुद्राचं संकट मोठं, हे खरंच. पण ते संकट मालवणला एकट्याने थोपवता येणार नाही, बोटीचा वेग मात्र आवरता येईल. होडीवाल्यांची रोजीरोटीही बुडत नाही, कारण त्या अभ्यासातही बोटी बंद केल्याच नव्हत्या. दिवाळीत मालवणला जाणाऱ्या नागपूरकरांनी होडीवाल्या दादांना एवढंच सांगावं: प्रवाळ आले की सावकाश.