उलव्याचा फ्लॅट आणि साडेबारा टक्क्यांचा आमदार

अटल सेतू झाला, उरणची लोकल आली, विमानतळही सुरू झाला. न्हावा-शेव्याच्या बाजूला घर घेणाऱ्या प्रत्येकाने एका आमदाराचं काम समजून घ्यायला हवं.

उलव्यात किंवा द्रोणागिरीत फ्लॅट बघायला जा. एजंट पहिली पाच मिनिटं अटल सेतूवर बोलतो, पुढची पाच विमानतळावर. मग सॅम्पल फ्लॅट, मॉड्युलर किचन आणि ईएमआयचं गणित. कागदपत्रं हातात आली की मात्र बऱ्याचदा एक शब्द दिसतो, ‘साडेबारा टक्के योजना’. हे काय असतं असं विचारलंत, तर उत्तर येतं, ‘टायटल क्लिअर आहे मॅडम, टेन्शन नॉट!’

मी न्हावा-शेव्यात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. जसई, धुतूम, पागोटे ही नावं सुरुवातीला माझ्यासाठी फक्त कंटेनर यार्डांचे पत्ते होती. पण माझ्या ऑफिसातली काही मुलं त्याच गावांतली आहेत आणि दर जानेवारीत १६-१७ तारखेला ती रजा टाकतात. डबा खाताना एकदा कारण विचारलं, आणि त्या ‘साडेबारा’चा अर्थ तिथे कळला.

वकील, आमदार आणि जसई

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती आणि मिठागरं गेली आणि हातात आला तुटपुंजा मोबदला. पुढे न्हावा-शेवा बंदरासाठी संपादन सुरू झालं, तेव्हा लोकांचा संयम संपला.

त्यांच्या पुढे उभे होते जसईचे दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे ‘दि. बा.’. पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार आणि काही काळ विधिमंडळात विरोधी पक्षनेते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण गेले. माझ्या सहकाऱ्यांची रजा त्यांच्यासाठी असते.

दि. बां.ची मागणी नुसते पैसे वाढवून देण्याची नव्हती. जमीन घ्या, पण शहर वसल्यावर तिची किंमत वाढेल त्यात शेतकऱ्याचाही वाटा ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातूनच साडेबारा टक्के योजना आली आणि १९९० व १९९४ च्या शासन निर्णयांनी ती नियमात बसली.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली, तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर विकसित भूखंड परत मिळायला हवा. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे हातात उरतात ८७५. त्यावर दीड एफएसआय. मग शेतकरी बिल्डरला गाठतो, नाहीतर बिल्डर शेतकऱ्याला, आणि तुमची बाल्कनी, जिम, पोडियम गार्डन उभं राहतं. सही ना?

योजना जिथे पोचत नाही

पण सगळं गोड नाही. सिडको राज्य सरकारची, बंदर केंद्राचं. त्यामुळे बंदरासाठी जमीन दिलेल्यांना साडेबारा टक्क्यांसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागलं. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. या भूखंडांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली १६ ऑगस्ट २०१४ ला, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी. आणि इरादापत्र म्हणजे भूखंड नव्हे. पुढची वाट वेगळीच.

दुसरी अडचण कोळ्यांची. योजना सातबाऱ्यावर चालते. ज्याचं पोट खाडीवर आहे, त्याने कुठला उतारा दाखवायचा? ज्या शेव्याच्या नावाने जगभर कंटेनर बुक होतात, तिथला कोळीवाडा बंदरासाठी उठवला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. तिथल्या घरांना वाळवी लागली. मग पुन्हा नीट वसवा म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं अर्ज आणि मोर्चे करत राहिली.

लोकलचंही तसंच. बंदराच्या मालगाड्या केव्हाच्या धावत होत्या. माणसांची लोकल उरणला पोचली १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्या उद्घाटनादिवशीच.

आपल्या आमदाराकडून काय मागायचं?

२०२२ मध्ये विधिमंडळाने नव्या विमानतळाला दि. बां.चं नाव देण्याचा ठराव केला. त्याआधी, २०२१ मध्ये, हजारो भूमिपुत्र त्याच मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. अंतिम निर्णय मात्र केंद्राचा. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. नावाचा मान मोठाच, पण दि. बां.कडून शिकायचं ते त्यांच्या कामातून.

२००८ च्या पुनर्रचनेत उरणचा वेगळा मतदारसंघ झाला. २०१९ ला अपक्ष आणि २०२४ ला भाजपकडून महेश बालदी इथून निवडून आले. आमदार कोणीही असो, नाक्यावरचे फ्लेक्स आणि नारळ फोडल्याचे फोटो आपल्याला रोज दिसतात. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यात गटार होतं, सभामंडप होतो. वाईट काहीच नाही. पण त्याची खरी ताकद सभागृहात आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे. तीन अधिवेशनं होतात. त्यांत आपला माणूस उलव्याचं पाणी, अवजड वाहनांची कोंडी किंवा हनुमान कोळीवाड्यावर किती वेळा बोलला, हे विधिमंडळाच्या कामकाजात नोंदलेलं असतं. नवा फोन घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो. मग हे वाचायला काय हरकत आहे?

आणखी एक. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या लोकांचं मतदान अजून चेंबूर नाहीतर डोंबिवलीतच आहे. इथल्या आमदाराने त्यांच्या पाण्याची काळजी का करावी? पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ असतो, तो ऑनलाइन भरता येतो. गृहप्रवेशाची पूजा आटोपली की तेवढं करून टाका.