रिमोटच्या विमानाचा पल्ला कमी पडणे व सर्व्होची थरथर : कारणे आणि उपाय

भाताची कापणी व झोडणी आटोपली की उल्हास नदीच्या काठची खाचरे मोकळी होतात. काही ठिकाणी जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो, बाकीची खाचरे पुढच्या जूनपर्यंत रिकामी राहतात. अंबरनाथ व बदलापूर परिसरात रिमोटवर चालणारे लहान विमान उडवायला शिकणाऱ्या तरुणांना अशी सपाट जागा सोयीची असते. काही शेतकरी बंधूंना हा निव्वळ छंद वाटेल. परंतु फवारणीचा ड्रोन आता गावात येऊ लागला आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. ज्याने लहान विमानाची रेडिओ यंत्रणा स्वतः जोडली आणि तपासली, त्याला मोठ्या ड्रोनचे दोषही लवकर उमजतात.

या विमानांच्या बाबतीत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, विमान थोडे दूर गेले की रिमोटला दाद देत नाही. दुसरी, विमानाचे पंख व शेपूट हलविणाऱ्या सर्व्हो मोटरी आपोआप थरथरतात. या तक्रारी किरकोळ समजू नयेत. दीड किलो वजनाचे विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने येऊन आदळले, तर १७ किलोचा धोंडा एक मीटर उंचीवरून पडावा एवढा आघात होतो. बांधावरचे मूल, दावणीचे जनावर किंवा रेल्वेमार्ग यांपैकी काहीही त्याच्या वाटेत येऊ शकते.

यंत्रणा कशी चालते?

हातातील ट्रान्समीटर रेडिओलहरी सोडतो. विमानातील रिसीव्हर त्या पकडून प्रत्येक सर्व्होला विजेचे ठोके पाठवितो. साध्या सर्व्होला सेकंदाला सुमारे ५० ठोके मिळतात. ठोक्याची लांबी एक मिलिसेकंद असेल तर सर्व्होचा दांडा एका बाजूस, दोन मिलिसेकंद असेल तर दुसऱ्या बाजूस आणि दीड असेल तर मध्यावर राहतो. दांडा कोठे आहे हे सर्व्होला आतील एका लहान फिरत्या रोधकाकडून, म्हणजे पॉटकडून, कळते. ठोका बिघडला, वीज कमी पडली किंवा पॉट झिजला, तर दांडा जागा शोधत राहतो. हीच थरथर होय.

आधी निदान, मग उपाय

भात पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकणारा शेतकरी पुष्कळदा फसतो. नत्राची कमतरता, साचलेले पाणी किंवा रोग यांपैकी कशानेही पान पिवळे पडते. येथेही तसेच आहे. म्हणून नवा रिमोट घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. एका वेळी एकच बदल करावा. तपासणीपूर्वी विमानाचा पंखा काढून ठेवावा.

१. मोटर बंद ठेवून यंत्रणा चालू करावी. या स्थितीतही थरथर असेल, तर दोष सर्व्हो, जोडणी, रिसीव्हर किंवा रिमोटच्या दांडीत आहे.

२. थरथरणारा सर्व्हो रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहावा. थरथर सर्व्होबरोबर गेली तर सर्व्हो खराब समजावा. ती मूळ चॅनेलवरच राहिली, म्हणजे तेथे लावलेला दुसरा सर्व्होही थरथरू लागला, तर रिसीव्हर किंवा रिमोटची दांडी तपासावी.

३. मोटर चालू केल्यावरच थरथर सुरू होत असेल, तर वीजपुरवठा अपुरा आहे किंवा मोटरच्या वायरींतून गोंगाट शिरतो आहे.

४. विमान जवळ असताना सर्व ठीक आणि दूर गेल्यावरच बिघाड, असे असेल तर एरियल, म्हणजे अँटेना, तपासावी.

थरथरीची कारणे व उपाय

अपुरा वीजपुरवठा : हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. विजेच्या मोटरीच्या बहुतेक विमानांत मोटरचा वेग ठरविणारे यंत्र, म्हणजे ईएससी, बॅटरीचा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवून रिसीव्हर व सर्व्होंना देते. तीन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते. म्हणजे ७.६ व्होल्ट वाया जातात. साध्या पद्धतीच्या ईएससीमध्ये सर्व्होंनी दीड अँपिअर खेचले तर ७.६ गुणिले १.५, म्हणजे ११.४ वॅट उष्णता तयार होते. ही २५ वॅटच्या सोल्डरच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी झाली. बंद पोटात बसविलेले यंत्र त्यामुळे तापते आणि दाब कोसळतो. दाब साधारण ३.५ व्होल्टच्या खाली गेला की बरेच रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. उडविणाऱ्याला मात्र पल्ला तुटला असे वाटते. यावर उपाय म्हणून सर्व्होंसाठी पुरेशा क्षमतेचा स्वतंत्र स्विचिंग बीईसी बसवावा व ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल वायर अलग करून तिचे टोक झाकावे. सर्व दांड्या एकाच वेळी हलवून मल्टिमीटरने रिसीव्हरवरील दाब पाहावा. रिसीव्हरच्या रिकाम्या जागी मोठा कपॅसिटर लावल्यास क्षणिक झोल सावरतो, परंतु अपुऱ्या पुरवठ्याला तो पर्याय नाही.

सैल व गंजलेल्या जोडण्या : कोकणच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या विमानाच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. पिना स्वच्छ कराव्यात, सैल प्लग बदलावेत, बॅटरीच्या जोडांचे सोल्डर तपासावे.

लांब वायरी : पंखातील सर्व्होची लांब वायर मोटरच्या व बॅटरीच्या वायरींना चिकटून नेली, तर ती गोंगाट उचलते. दोन्ही वायरी किमान चार बोटे अंतरावर ठेवाव्यात. लांब वायरीस पीळ द्यावा आणि रिसीव्हरच्या टोकाला फेराइटच्या कड्यातून तिचे दोन-तीन वेढे घ्यावेत.

ब्रशची मोटर : जुन्या किंवा स्वस्त विमानांत ब्रशच्या मोटरी असतात. ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी लहानसे रेडिओ केंद्रच असते. मोटरच्या दोन्ही टोकांपासून तिच्या धातूच्या कवचापर्यंत प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा. कपॅसिटरवर १०४ असा अंक असतो.

झिजलेला सर्व्हो : थरथर नेहमी मध्याच्या आसपासच होत असेल आणि दांडा थोडा सरकविल्यावर थांबत असेल, तर पॉट झिजलेला आहे. लहान सर्व्हो दुरुस्त करीत बसण्यापेक्षा बदललेला बरा. नव्या सर्व्होचा दांडा व पंखाची बिजागरी हाताने हलवून पाहावी. दांडा अडत असेल तर सर्व्हो सतत जोर लावतो, तापतो आणि जास्त वीज खेचतो.

पल्ला कमी पडण्याची कारणे व उपाय

आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर असते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या एरियलचे शेवटचे तेवढेच उघडे टोक लहर पकडते, बाकीची वायर केवळ वाहक असते. ते टोक तुटले, दुमडले किंवा बॅटरीखाली दबले की पल्ला एकदम घटतो. दोन एरियल असतील तर त्यांची टोके एकमेकांशी काटकोनात ठेवावीत. कार्बन फायबरच्या पोटात एरियल लपवू नये, कारण कार्बन वीजवाहक असल्याने लहर अडवितो. थर्माकोल, लाकूड व कोरोप्लास्ट चालतात.

रिमोटच्या दांडीसारख्या एरियलचे टोक विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेने ती सर्वांत कमी लहरी सोडते. एरियल आडवी किंवा वर वळवून धरावी, जेणेकरून तिची बाजू विमानाकडे राहील.

जुना ७२ मेगाहर्ट्झचा संच वापरणाऱ्यांनी रिसीव्हरची सुमारे एक मीटर लांबीची वायर गुंडाळू अथवा कापू नये. हाच नियम विहिरीवरील पंपाच्या रेडिओ रिमोटलाही लागू आहे. त्यातील ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा १७.३ सेंटिमीटर होतो. त्याची एरियल लोखंडी पेटीत कोंबली, तर बांधावरून पंप चालू होत नाही.

पल्ला वाढविण्यासाठी बाजारातील शक्तिवर्धक जोडण्याचा मोह टाळावा. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करण्यासाठी चौपट शक्ती लागते आणि विनापरवाना वापरासाठी शक्तीची मर्यादा ठरलेली आहे. एरियल नीट बसविण्यास मात्र खर्च येत नाही.

आपल्या भागातील विशेष अडचणी

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांची वस्ती आता शेतांना भिडली आहे. घराघरांतील वाय-फायही २.४ गिगाहर्ट्झवर चालते. जमिनीवर उभे असताना भिंती व झाडे त्या लहरी अडवितात. विमान शंभर फूट वर गेले की त्याच्या रिसीव्हरला आसपासच्या इमारतींतील सर्व गोंगाट एकदम ऐकू येतो. त्यामुळे गृहसंकुलालगत पल्ला कमी आणि वांगणीकडील मोकळ्या खाचरात जास्त, असा अनुभव आल्यास रिमोट बिघडला असे समजू नये. विमानावरील कॅमेऱ्याचे वाय-फाय बंद ठेवावे. मोबाइलचा हॉटस्पॉटही बंद करावा.

दमट हवेमुळे पल्ला घटतो, असा समज आहे. काहीशे मीटर अंतरात हवेतील दमटपणाचा परिणाम नगण्य असतो. परंतु ओली, दाट पाने या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. म्हणून जांभळाच्या किंवा आंब्याच्या झाडांमागे विमान नेऊ नये.

उच्चदाब वीजवाहिन्यांविषयीही असाच गैरसमज आहे. वाहिनीतील वीज ५० हर्ट्झची असते. तिच्या ठिणग्यांचा गोंगाट जुन्या, कमी कंपनांच्या संचांना जास्त बाधतो, २.४ गिगाहर्ट्झला फारसा नाही. ड्रोनचे होकायंत्र मात्र वाहिनीजवळ चकते. खरा धोका तारेला धडकण्याचा आहे. कल्याण-कर्जत रेल्वेमार्गावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तारेवर अडकलेले विमान काठीने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. वीज वितरण कार्यालयास किंवा रेल्वेस कळवावे.

पल्ल्याची चाचणी

दर दिवशी पहिल्या उड्डाणापूर्वी ही चाचणी करावी. विमान जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर ठेवावे, कारण जमिनीलगत पल्ला कमी मिळतो. रिमोट चाचणीच्या कमी शक्तीवर ठेवून साधारण ३० पावले मागे जावे. रिमोटच्या माहितीपुस्तिकेत वेगळे अंतर दिले असल्यास ते पाळावे. दांड्या हलवाव्यात व सोबत्याला पंख पाहण्यास सांगावे. पहिली चाचणी मोटर बंद ठेवून व दुसरी मोटर चालू करून घ्यावी. दुसऱ्या वेळी पंखा बसविलेला असल्यास सोबत्याने विमान मागून घट्ट धरावे. मोटर चालू केल्यावर अंतर बरेच घटले, तर दोष विमानातच आहे असे समजून त्या दिवशी उड्डाण करू नये.

यानंतर फेलसेफ तपासावे. पंखा काढून मोटर चालू करावी आणि रिमोट बंद करावा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबत नसेल तर माहितीपुस्तिकेप्रमाणे फेलसेफ पुन्हा लावावे. संपर्क तुटल्यावर मोटर चालूच राहणारे विमान उडवू नये.

नियम व जागेची निवड

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या व लाल क्षेत्रात परवानगीशिवाय उडविता येत नाही. विमानतळांजवळची मर्यादा वेगळी असते आणि नकाशा बदलत असतो. म्हणून 'डिजिटल स्काय'वरील नकाशा त्या त्या दिवशी पाहावा. अंबरनाथचा आयुध निर्माण कारखाना, नेवाळी येथील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीची जमीन आणि बारवी धरण ही ठिकाणे टाळावीत. जागा मोकळी दिसली तरी ती उड्डाणास खुली असते असे नाही.

खाचराच्या मालकाची परवानगी घ्यावी. शेजारी वाल किंवा भाजीपाला उभा असेल तर पडलेले विमान आणण्यासाठी पीक तुडवू नये. गुरे चरत असताना उडवू नये.

थोडक्यात, आधी वीजपुरवठा, मग जोडण्या, त्यानंतर एरियल आणि शेवटी रिमोट, हा क्रम शेतकरी बंधूंनी व त्यांच्या मुलांनी लक्षात ठेवावा. प्रत्येक दोष, त्याची तारीख व केलेला उपाय एका वहीत लिहून ठेवावा. उद्या फवारणीचा ड्रोन हाती आल्यावर हीच सवय उपयोगी पडेल. त्या वेळी टाकीत कीटकनाशक असेल आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचे घर असेल.