‘लोहित’ फाँट आणि ‘शेतकऱ्यां’मधला ऱ्य

लोहित हा रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचा मुक्त फाँट-संच. मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. 2011 मध्ये हा संच ओपन फाँट लायसन्सखाली आला. या परवान्यानुसार कुणालाही त्यात बदल करता येतात. पण हात वाढले की गोंधळही वाढतो. म्हणून प्रकल्पाला साधनांची जोड द्यावी लागते.

समजा, दौंड तालुक्यातल्या राहू गावात संगणकावर सूचना लिहिताना ‘शेतकऱ्यांना’मधला ‘ऱ्य’ तुटला. ‘फाँट बिघडलाय’ एवढ्या तक्रारीने काहीच होत नाही. तिकिटात, म्हणजे प्रकल्पाकडे केलेल्या तक्रार-नोंदीत, नेमका शब्द, फाँटची आवृत्ती, संगणकप्रणाली आणि स्क्रीनशॉट हवा. तिकिटाला क्रमांक मिळतो, जबाबदार माणूस ठरतो. तो गिट या बदल-नोंदीच्या साधनात वेगळी शाखा, म्हणजे कामाची स्वतंत्र प्रत, काढून ऱ, हलन्त आणि य यांच्या जोडणीचा नियम सुधारतो. मग चाचणीची शब्दयादी पुन्हा तपासायचीच, कारण ‘ऱ्य’ सुधारताना ‘र्य’ बिघडू शकतो. दुसऱ्याने पाहिल्यावरच बदल मुख्य शाखेत जातो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये घडवलेलं गिट प्रत्येक बदल कुणी, कधी केला याची नोंद राखतं. ‘का’ मात्र माणसानेच लिहायचं असतं, आणि तेच सर्वांत मोलाचं. पुढच्या आवृत्तीत कोणती तिकिटं घ्यायची, हे कामाचे टप्पे दाखवणाऱ्या फलकावर ठरतं.